हात वीस मायक्रॉन पकडतो, मग जीभ का अडते?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत लेथ मशीनवर टर्नर आहे. वय 36. बोलायला लागलो तेव्हापासून अडखळतो, असं आई सांगते. 'क' आणि 'प'वर अडकतो, स्वतःच्या नावावर तर हमखास. जोर लावताना डोळे मिटतात, उजवा हात मांडीवर आपटतो. फोन वाजला की बायकोच्या हातात देतो. पण लेथ चालू असताना त्या आवाजात शेजारच्या माणसाशी बऱ्यापैकी बोलतो. गणपतीच्या आरतीत आजवर एकदाही अडखळलो नाही. एकटा असलो की कुठेच अडत नाही.

आमचे डॉक्टर म्हणाले, हा मेंदूतल्या हालचालीच्या केंद्रांचा दोष आहे, मनाचा नाही. मला पटेना. माझा हात वीस मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आत जॉब काढतो. हालचालीतच दोष असता तर हे जमलं असतं का? आणि दोष मेंदूत असेल तर आरतीच्या वेळी तो जातो कुठे? आजी म्हणायची, मी डावरा होतो, मारून उजव्या हाताने लिहायला लावलं म्हणून असं झालं. हे खरं का? एमआरआय काढू का? सुपरवायझरची जागा मी दोनदा नाकारली, कारण रोज सकाळी सगळ्यांसमोर उभं राहून कामं सांगावी लागतात. आणि जे लिहायला हात धजत नव्हता ते शेवटी लिहितो. माझा चार वर्षांचा मुलगा तीन महिन्यांपासून अडखळायला लागलाय. माझं ऐकून शिकला का?
— एक वाचक (नाव छापू नये)

उत्तर : दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं तुम्हाला शांतपणे वाचता येईल. नाही. मुलगा तुमचं ऐकून अडखळायला शिकलेला नाही. अडखळणं हे अनुकरणाने लागत नाही. घराण्यात ते उतरतं हे खरं, पण ते जनुकांतून. 2010 मध्ये पाकिस्तानातल्या कुटुंबांपासून सुरू झालेल्या अभ्यासातून यातली तीन जनुकं सापडली, आणि ती कशाची निघाली, तर पेशीतला टाकाऊ माल मोडणारी विकरं (एन्झाइम्स) योग्य जागी पोचवण्याच्या व्यवस्थेची. त्यात तुमच्या बोलण्या-न बोलण्याचा काहीच संबंध नाही. हे इतकं ठासून सांगते, कारण असे बाप मी पाहिले आहेत, जे मूल अडखळायला लागल्यावर त्याच्याशी बोलणंच कमी करतात. गोष्ट सांगायची आईने, शाळेत सोडायला जायचं आईने. तुम्ही तसं केलं असेल तर आज रात्रीपासून पुन्हा गोष्ट सांगायला बसा, अडखळत सांगा.

अडखळणाऱ्यांपैकी बहुतेक मुलं दोन ते पाच या वयात अडखळायला लागतात आणि त्यांतली बरीचशी पुढे आपोआप मोकळी होतात. पण मुलगा आहे आणि वडील मोठेपणीही अडखळतात, या दोन गोष्टींमुळे मी तुम्हाला 'वाट पाहू' असं सांगणार नाही. या महिन्यातच वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखवा. या वयातले उपचार बहुतांशी आईवडीलच घरी, खेळता खेळता करतात. ते कसे करायचे हे आम्ही शिकवतो. तोवर 'हळू बोल', 'श्वास घे', 'पुन्हा नीट सांग' हे घरातून पूर्ण बंद. तो काय सांगतोय ते ऐका आणि त्याचं वाक्य त्यालाच संपवू द्या.

आता तुमच्या हातांविषयी. तुमचं पत्र वाचून मी आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या वर्कशॉपमध्ये गेले आणि तिथल्या मिस्त्रींना म्हटलं, मला आटे पाडताना बघायचं आहे. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण इतर वाचकांसाठी सांगते. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरत असतो, टूलला पुढे सरकवणारा लांब लीडस्क्रूही फिरत असतो, टूल तयार असतं. आणि डायलवरची रेघ खुणेला आली की नेमक्या त्या क्षणी टूलला लीडस्क्रूशी जोडणारा हाफनटचा लिव्हर टाकायचा. एक फेर घेतला, टूल मागे आणलं, पुन्हा रेघेची वाट पाहायची, पुन्हा लिव्हर. लिव्हर भलत्या क्षणी पडला की टूल आधीच्या आट्यात न बसता आट्यावरच चढतं आणि जॉब वाया जातो. मशीन चांगली, टूल धारदार, हात तरबेज, तरीही. मी बराच वेळ तिथे उभी होते. अडखळण्याबद्दल आज जे समजलं आहे ते इतक्या स्वच्छ रीतीने मला याआधी कुणाला दाखवता आलं नव्हतं.

तुमची जीभ, ओठ, घसा, सगळं ठीक आहे. पुरावा तुमच्या गावाच्या नावातच आहे. 'कोल्हापूर' म्हणताना तुम्ही 'को'वर अडकत असाल, पण त्यातल्या 'पू'वर कधी अडकलात? नाही. आणि 'पुणे' म्हणताना मात्र त्याच 'पु'वर अडकता. अक्षर तेच, ओठ तेच. फरक सुरुवातीचा. डॉक्टर 'हालचालीचा दोष' म्हणाले तो हालचालीच्या ताकदीचा किंवा बारकाव्याचा नाही. ती कुठल्या क्षणी सुरू करायची आणि एकीतून दुसरीत कधी सरकायचं, त्या इशाऱ्याचा आहे. आपण बोलताना सेकंदाला दहाबारा ध्वनी काढतो, म्हणजे लिव्हर सेकंदाला दहाबारा वेळा टाकतो. हातांना एवढ्या घाईचं काम सहसा पडत नाही. बोटांनी ठरावीक क्रमाने टिचक्या वाजवायला लावून अडखळणाऱ्या प्रौढांच्या चाचण्या झाल्या आहेत. काही अभ्यासांत ते जरासे मागे पडले, काहींत फरकच निघाला नाही. तुमचा वीस मायक्रॉनचा हात याला अपवाद नाही, तो याला धरूनच आहे.

हा इशारा मेंदूत कुठून निघतो? कपाळाच्या डाव्या बाजूला, थोडा खाली, बोलण्याची आखणी करणारा भाग आहे. त्याच्या मागे, कानाच्या वरच्या अंगाला, ओठ-जीभ-स्वरयंत्र हलवणारी पट्टी आहे. आणि खोलवर, मेंदूच्या गाभ्यात, बेसल गँग्लिया नावाचे पेशींचे पुंजके आहेत. 'हे झालं, आता पुढचं' असं सांगण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. फिनलंडमध्ये 2000 साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. पडद्यावर एक शब्द दाखवायचा, तो माणसाने मोठ्याने वाचायचा आणि मेंदूतले चुंबकीय बदल क्षणाक्षणाला टिपायचे. न अडखळणाऱ्यांत आधी आखणीचा भाग जागा झाला, मग हालचालीचा. अडखळणाऱ्या प्रौढांत उलटं झालं. हालचालीची पट्टी आधी तयार आणि आखणी नंतर. त्या वेळी बहुतेक शब्द त्यांनी न अडखळता म्हटले होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. म्हणजे तुम्ही सुरळीत बोलता तेव्हाही तुमचा मेंदू वेगळ्या वाटेने तिथे पोचत असतो.

मग 2002 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी 15 अडखळणाऱ्या प्रौढांच्या मेंदूतले तंतू पाहिले. डाव्या बाजूला, जीभ आणि घसा हलवणाऱ्या पट्टीच्या खालची जोडणी त्यांच्यात कमी पक्की आढळली. 2015 मध्ये जर्मनीतूनच आणखी एक अभ्यास आला. डोक्यावर चुंबकीय कॉइल धरून जिभेच्या केंद्राला हलकासा ठोका द्यायचा आणि ते बोलण्यासाठी किती 'तापलं' आहे हे मोजायचं. इतरांत पुढच्या ध्वनीसाठी जीभ हलायच्या आधीच डावं केंद्र तापायला लागतं. अडखळणाऱ्यांत तशी वाढ दिसली नाही, आणि जितकं अडखळणं जास्त तितकी ती कमी. उजव्या बाजूचं मात्र उलट आहे. ती बाजू अडखळणाऱ्या प्रौढांत जास्तच काम करते. ती डाव्या बाजूची उणीव भरून काढते की स्वतःच ब्रेक दाबून बसते, यावर संशोधकांत अजून वाद आहे. माझं स्वतःचं मत असं की दोन्ही होत असावं. अडखळण्याच्या क्षणी माणसाचा चेहरा जवळून पाहिला की ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदमच दाबलेले दिसतात.

आता आरती. तो दोष जात नाही, फक्त तेव्हा स्वतःच्या इशाऱ्याची गरज पडत नाही. आरतीत ठेका टाळ-झांजा देतात आणि तुमच्या आधी अर्धा क्षण शेजारच्याने अक्षर काढलेलं असतं. डायलवरच्या रेघेकडे तुम्हाला बघावंच लागत नाही, 'आता' असं सगळे मिळून सांगत असतात. अमेरिकेत 1996 मध्ये नेमकं हेच तपासलं गेलं. अडखळणाऱ्या माणसांना एकट्याने वाचायला लावलं आणि मग दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळून वाचायला लावलं. एकट्याने वाचताना हालचालीचे भाग नको इतके पेटलेले होते आणि स्वतःचा आवाज ऐकणारा भाग जवळजवळ गप्प होता. सोबतीने वाचताच हे चित्र बरंचसं निवळलं. लेथच्या आवाजाचंही तसंच. स्वतःचा आवाज नीट ऐकू येईनासा झाला की अनेकांचं अडखळणं कमी होतं, ही जुनी, पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट आहे. यावरच बेतलेली, आपला आवाज किंचित उशिराने कानात ऐकवणारी यंत्रं विकली जातात. काहींना फायदा होतो, पण बऱ्याच जणांचा तो पुढे ओसरतो.

एकट्याने मोकळं बोलता, याचाही खुलासा हवा, कारण 'म्हणजे हे मनाचंच आहे' असं म्हणणारे लोक नेमकं इथेच बोट ठेवतात. न्यूयॉर्कमध्ये 2021 मध्ये हे तपासलं गेलं. आपलं कुणी ऐकत नाही अशी खात्री असलेल्या अडखळणाऱ्या प्रौढांत अडखळणं जवळपास नाहीसं झालं. म्हणजे ऐकणारं माणूस समोर असणं याचा परिणाम होतो, आणि तो खराच आहे. पण हालचाल आणि भावना यांच्या मेंदूत वेगवेगळ्या खोल्या नसतात. समोर कुणी बघत असेल तर चांगल्या माणसाचीही सही वाकडी येते. त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. ज्याचा इशारा आधीच नाजूक आहे, त्याचा तो घाईत, फोनवर, साहेबासमोर आणखी डगमगतो. भीती अडखळण्यातून जन्मते आणि मग त्यालाच खतपाणी घालते. पण मूळ ती नव्हे. तीन वर्षांच्या पोराला कसली भीती असते?

डावखुरेपणाचं तुमच्या आजीने सांगितलं ते एके काळी मोठमोठे विद्वानही सांगत होते. 1920-30 च्या सुमारास अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात हेच शिकवलं जायचं की मेंदूची एक बाजू दुसरीवर नीट हुकमत गाजवत नाही म्हणून माणूस अडखळतो, आणि हात बदलल्याने ते बिघडतं. त्यातलं 'दोन बाजूंचा ताळमेळ' हे सूत्र आजच्या चित्रांत काहीसं खरं ठरलेलं दिसतं. पण हात बदलल्यामुळे अडखळणं लागतं, हे पुढच्या अभ्यासांत टिकलं नाही. मुलाला मारून हात बदलायला लावणं क्रूर होतं, ते वेगळं. पण त्यामुळे तुमचं बोलणं गेलं असं मनात धरून बसू नका. आजीवर तो ठपका नको.

एमआरआय काढू नका. वर जे सांगितलं ते अनेक माणसांची सरासरी काढल्यावर दिसणारे फरक आहेत. तुमच्या एकट्याच्या चित्रावर रेडिओलॉजिस्ट 'नॉर्मल' लिहील, आणि पैसे गेल्यावर ते वाचून तुम्ही पुन्हा स्वतःलाच दोष द्याल. यावर खास मंजूर झालेलं औषधही नाही. ऑक्सफर्डमध्ये 30 पुरुषांवर एक प्रयोग झाला. डाव्या कपाळापाशी 1 मिलिअँपिअरचा सौम्य विद्युतप्रवाह, रोज 20 मिनिटं, सलग पाच दिवस, आणि त्याच वेळी सोबतीने आणि ठेक्यात वाचण्याचा सराव. 2018 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांना खरा प्रवाह दिला त्यांचं अडखळणं खोट्या प्रवाहवाल्यांपेक्षा कमी झालं आणि सहा आठवड्यांनीही काही प्रमाणात कमी राहिलं. मला याचा मनापासून आनंद आहे. पण हा प्रयोगशाळेतला उपचार आहे. नेटवर मिळणारी यंत्रं मागवून डोक्याला तारा लावू नका. '10 दिवसांत खात्रीने' असं सांगणाऱ्यांकडेही जाऊ नका. ते ठेक्यात बोलायला शिकवतात, तिथे छान जमतं, आणि घरी आल्यावर ठेका सुटतो. 1841 मध्ये बर्लिनच्या एका नामांकित सर्जनने अडखळणाऱ्यांच्या जिभेचा तुकडाच कापायला सुरुवात केली होती. जिभेवर राग काढायची ही सवय जुनी आहे. वेखंड, तोंडात गोट्या, जिभेखालचा पडदा कापणं, हे सगळं त्याच रांगेतलं.

मग करायचं काय? डोळे मिटणं, मांडीवर हात आपटणं, हे तुमचं अडखळणं नव्हे. ते त्यातून सुटायची धडपड आहे, आणि ती शिकलेली आहे, म्हणून सोडवताही येते. मी आरशासमोर बसवते. 'पुणे' म्हणा, अडकलात की तिथेच थांबा, अडकलेलेच राहा. ओठ किती घट्ट दाबले आहेत ते जाणवू द्या. मग ते हळूहळू सैल करा आणि हवा जाऊ द्या. मुद्दामही अडखळायला लावते, म्हणजे तो क्षण तुमच्या ताब्यात येतो. 'प' म्हणताना ओठ नुसते टेकवायचे, चिमटा नाही. हे चार दिवसांचं काम नाही, महिने लागतात. पण जर्मनीत कासेल इथल्या उपचारांच्या आधी आणि नंतर घेतलेल्या मेंदूच्या चित्रांत डाव्या बाजूचं काम वाढलेलं दिसलं आहे, आणि ही सगळी मोठी माणसं होती. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, मैसूरला अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे. कोल्हापुरातही वाचा-उपचारतज्ज्ञ मिळतील. अडखळणाऱ्यांनीच चालवलेली द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन आहे, तिच्या बैठकीला एकदा जाऊन बसा. आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला घाई नसलेले श्रोते भेटतील.

सुपरवायझरच्या जागेबद्दल मी उपचारतज्ज्ञ म्हणून नाही, बहीण म्हणून सांगते. माझा थोरला भाऊ अडखळायचा. आम्ही कराडचे, तो शिकायला कोल्हापूरला. दर शनिवारी एसटीने घरी यायचा. मी नववीत असताना एकदा त्याचा शर्ट धुवायला घेतला, खिशात चार-पाच तिकिटं होती, सगळी उंब्रजची. मला वाटलं, याचं तिकडे कुणीतरी आहे. खूप छेडल्यावर त्याने सांगितलं. कंडक्टर समोर उभा राहिला की 'कराड' निघायचं नाही. 'उंब्रज' निघायचं. म्हणून तो पुढच्या गावाचे पैसे भरायचा आणि कराडला उतरायचा. वडील पाठवायचे त्या मोजक्या पैशांतून. मी या क्षेत्रात आले त्याला हे एकच कारण आहे.

दोनदा तुम्हीही उंब्रजचं तिकीट काढलंत. तिसऱ्यांदा काढू नका. पहिल्या सकाळी सगळ्यांसमोर आधी एवढंच सांगा, "मी अडखळतो. मला वेळ लागेल, पण सगळी कामं नीट सांगेन." हे वाक्य म्हणताना अडखळलात तरी चालेल, कदाचित बरंच होईल. लपवायचं काही उरलं नाही की मानेवरचा अर्धा ताण उतरतो, हे मी सव्वीस वर्षं पाहते आहे. भावाने वयाच्या 41 व्या वर्षी कंडक्टरला पहिल्यांदा म्हटलं, "जरा थांबा, मला अडकायला होतं," आणि मग "क-क-क-कराड" म्हणाला. कंडक्टर थांबला. ते तिकीट माझ्याकडे आहे.

प्रश्न : माझे वडील (वय 61) दोन महिन्यांपूर्वी पक्षाघाताने आजारी पडले. उजवा हात अशक्त आहे. शब्द आठवतात, अर्थ कळतो, पण आता ते शब्दाच्या मधेही अडखळतात. पूर्वी कधीच असं नव्हतं. हे कायमचं आहे का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : वरच्या पत्रातलं अडखळणं बालपणापासूनचं आहे, हे मेंदूला इजा झाल्यावर आलेलं, म्हणून उपचारांची दिशा थोडी वेगळी. पण जागा बरीचशी तीच. न्यूझीलंड आणि फिनलंडच्या संशोधकांनी 2024 मध्ये पक्षाघातानंतर अडखळू लागलेल्यांच्या इजा एकत्र मांडून पाहिल्या. इजा मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी होत्या, पण त्या सगळ्या एकाच जाळ्याशी जोडलेल्या निघाल्या, आणि त्याचा मध्य डाव्या बाजूच्या पुटामेनपाशी, म्हणजे त्या बेसल गँग्लियातच. पहिल्या काही महिन्यांत यात सुधारणा होऊ शकते, म्हणून वेळ घालवू नका. फिजिओथेरपी चालू असेल तर वाचा-उपचारही त्याच आठवड्यात जोडून घ्या. एक गोष्ट न्यूरोलॉजिस्टना आवर्जून सांगा. पक्षाघातानंतर सुरू झालेल्या सगळ्या औषधांची यादी दाखवून विचारा, अडखळणं एखादं औषध सुरू केल्यावर वाढलं का. काही औषधांनी तसं होतं. मात्र स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. आणि वडिलांचं बोलणं पुन्हा एकदम बिघडलं, तोंड वाकडं झालं किंवा हात आणखी लुळा वाटला, तर सकाळची वाट न पाहता लगेच हॉस्पिटलमध्ये न्या.